१९ जानेवारी २०३८, सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं: तुमच्या फाइल्सच्या तारखांचं काय होणार?

गेल्या महिन्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून आमच्या जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क परत आणली. डिस्क बसली होती. दुकानातल्या दादांनी बराच खटाटोप करून त्यातले फोटो वाचवले आणि पेन ड्राइव्हवर टाकून दिले. त्यात आजीच्या पंचाहत्तरीचे फोटो होते, त्यामुळे घरातले सगळे लॅपटॉपभोवती जमले. फोल्डर उघडलं, फोटो होते. पण जवळपास हजारभर फोटोंवर एकच तारीख होती. १ जानेवारी १९७०, पहाटे ५:३०.

"१९७० मध्ये तर माझाही जन्म नव्हता," आई म्हणाली.

ही तारीख तुम्हीही कधीतरी पाहिली असेल. बॅटरी पूर्ण संपलेला जुना फोन सुरू केल्यावर, एखाद्या ॲपमध्ये, किंवा अशाच वाचवलेल्या फाइल्सवर. ती आली कुठून हे शोधायला गेलात, तर तुम्ही पोचता थेट २०३८ सालात. तिथे जगभरातल्या कितीतरी यंत्रांमधली तारीख संपणार आहे.

आधी १९७० चं कोडं

कॉम्प्युटरला 'मंगळवार' कळत नाही, 'जानेवारी' कळत नाही. त्याला कळतात आकडे. म्हणून १९७० च्या दशकात युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम घडवणाऱ्यांनी वेळ मोजायची एक सोपी रीत ठरवली. एक क्षण शून्य धरायचा आणि तेव्हापासून किती सेकंद झाले ते मोजत राहायचं. हा शून्य क्षण म्हणजे १ जानेवारी १९७०, ग्रिनिचच्या घड्याळात मध्यरात्र. भारताचं घड्याळ साडेपाच तास पुढे, म्हणून आपल्याकडे तोच क्षण पहाटे साडेपाचला येतो.

म्हणजे आमच्या फोटोंवरच्या तारखेचा खरा अर्थ एवढाच, की तारखेच्या जागी शून्य आहे. डिस्कमधून फोटो निघाले, पण तारखेची नोंद हाती लागली नाही. ती रिकामी जागा शून्य म्हणून वाचली गेली आणि शून्य म्हणजे १९७० ची पहाट.

(कधीकधी १ जानेवारी १९८० ही तारीखही दिसते, विशेषतः जुन्या कॅमेऱ्यांत. ते दुसरं घराणं. त्याच्याकडे पुढे येऊच.)

मग २०३८ मध्ये काय आहे?

सेकंद मोजायचे तर तो आकडा कुठेतरी लिहून ठेवावा लागतो. त्यासाठी जी जागा ठरली ती ३२ बिटांची. बिट म्हणजे ० किंवा १ असा एक खण. ३२ खणांपैकी एक खण आकडा अधिक आहे की उणे हे सांगण्यात जातो, कारण १९७० च्या आधीच्या तारखाही लिहिता यायला हव्यात. उरलेल्या ३१ खणांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा आहे २,१४,७४,८३,६४७.

इतके सेकंद म्हणजे ६८ वर्षं आणि काही दिवस. १९७० पासून मोजत गेलं तर हा आकडा भरतो मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुण्यात तेव्हा ऑफिसला निघायची घाई चालू असेल.

जुन्या स्कूटरच्या मीटरवर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यं यायची, आठवतंय? इथे त्याहून विचित्र होतं. पुढचा सेकंद मोजताना आकडा ओसंडून अधिक-उणे सांगणाऱ्या खणात शिरतो आणि मीटर शून्यावर न येता थेट उण्यात जातो. म्हणजे १९७० च्या मागे तितकीच ६८ वर्षं. ग्रिनिचच्या वेळेनुसार ती तारीख होते शुक्रवार, १३ डिसेंबर १९०१. आपल्याकडे तेव्हा १४ तारखेची पहाट. खरं तर १९०१ मध्ये आजची भारतीय प्रमाणवेळसुद्धा नव्हती, ती आली १९०६ मध्ये. मुंबईने तर आपली वेगळी 'बॉम्बे टाइम' त्यानंतरही कित्येक वर्षं चालवली.

अशा मोजणीची गंमत मराठी माणसाला नवी नाही. आपल्या पंचांगातली संवत्सरं बघा. प्रभव ते क्षय अशी ६० नावं. साठावं संपलं की पुन्हा पहिलं. शके १९४७ चं संवत्सर विश्वावसु, आणि त्याच्या ६० वर्षं आधीचं शके १८८७ चंही विश्वावसुच. एखाद्या कागदावर शक न लिहिता नुसतं संवत्सराचं नाव लिहिलेलं असेल, तर तो कुठल्या फेरीतला हे कसं ओळखणार? पेशवाईतल्या कित्येक पत्रांवर चांद्रमास आणि तारीख असते, वर्षच नसतं. मग मजकुरातल्या घटनांवरून वर्ष ठरवत बसावं लागतं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातल्या अभ्यासकांच्या कित्येक पिढ्यांनी हे काम केलं आहे. कॉम्प्युटर मात्र असा अंदाज बांधत नाही. त्याला १९०१ दिसलं की तो १९०१ धरूनच चालतो.

फाइलवरची तारीख इतकी महत्त्वाची का?

फोनचं घड्याळ चुकलं तर इंटरनेटवरून दुरुस्त होईल. फाइल्सचं तसं नाही. प्रत्येक फाइलसोबत डिस्कवर किमान दोन-तीन वेळा लिहिलेल्या असतात: मजकूर शेवटचा कधी बदलला, फाइल शेवटची कधी उघडली, तिच्या नावात किंवा परवानग्यांत कधी बदल झाला. यांना टाइमस्टॅम्प म्हणतात. त्या डिस्कवरच, ठरलेल्या आकाराच्या चौकटीत बसवलेल्या असतात. नुसतं सॉफ्टवेअर अपडेट करून ती चौकट मोठी होत नाही.

आणि या तारखांवर माणसांपेक्षा यंत्रंच जास्त अवलंबून असतात. सगळ्यात मोठं उदाहरण बॅकअपचं. रोज रात्री कंपनीच्या सर्व्हरवरच्या लाखो फाइल्सची पूर्ण प्रत काढणं परवडत नाही. म्हणून बॅकअपचं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा विचारतं, 'कालच्या प्रतीनंतर कुठल्या फाइल्स बदलल्या?' आणि तेवढ्याच उचलतं. आजच बदललेली फाइल १९०१ ची दिसली तर ती 'जुनी' ठरते आणि मागे राहते. कोणाला काही कळत नाही. कळतं ते सहा महिन्यांनी, डिस्क बसल्यावर. आमच्यासारखं.

जुन्या फाइल्स आपोआप काढून टाकणाऱ्या व्यवस्थांचं तर विचारूच नका. '९० दिवसांपूर्वीचं सगळं पुसा' असा नियम असेल, तर १९०१ ची फाइल आधी जाणार.

हे सगळं पुण्यात बसून लिहिण्यालाही कारण आहे. पुणं म्हटलं की हिंजवडी आणि आयटी सेवा डोळ्यासमोर येतात, पण डेटा साठवणं आणि त्याचा बॅकअप घेणं हा या शहराचा जुना धंदा आहे. व्हेरिटास या कंपनीचं पुण्यात वर्षानुवर्षं मोठं विकास केंद्र होतं. तिची स्वतःची फाइल सिस्टिमही होती. तिथे काम केलेल्या तिघांनी २००८ मध्ये पुण्यात ड्रुवा ही बॅकअप कंपनी सुरू केली. लिनक्ससाठी ओळखल्या जाणाऱ्या रेड हॅटचंही इथे कार्यालय आहे. तेव्हा ही डोकेदुखी सोडवण्यात आपल्या ओळखीतलंच कोणी गुंतलेलं असेल, तर नवल नाही.

प्रत्येक डिस्कची एक्स्पायरी वेगळी

फाइल्स डिस्कवर कशा मांडायच्या याच्या पद्धतीला फाइल सिस्टिम म्हणतात. प्रत्येक पद्धतीने तारखेसाठी आपापली सोय केली आहे.

विंडोजच्या एनटीएफएसला काळजी नाही. तिच्याकडे ६४ बिट आहेत आणि तिची मोजणी सुरू होते १६०१ सालापासून, शहाजीराजांच्या बालपणापासून म्हणा हवं तर. ती हजारो वर्षं पुरेल. ॲपलची जुनी पद्धत १९०४ पासून मोजायची आणि तिचं आयुष्य फेब्रुवारी २०४० पर्यंतच आहे. २०१७ पासून ॲपलने आयफोन आणि मॅकवर नवी पद्धत आणली, तिला हा प्रश्न नाही.

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डवर असते फॅट किंवा तिची मोठी बहीण एक्सफॅट. ही आली डॉसच्या जमान्यातून. इथे मोजणी १९८० पासून, म्हणून ते मघाचं '१ जानेवारी १९८०' चं घराणं. वर्षासाठी ७ बिट, म्हणजे १९८० मध्ये जास्तीत जास्त १२७ मिळवता येतात आणि आपण २१०७ पर्यंत पोचतो. सेकंदांसाठी मात्र फॅटकडे ५ च बिट उरले. ५ बिटांत ३२ आकडे मावतात, ६० नाही. म्हणून फॅट दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारते. तुमचा पेन ड्राइव्ह फॅटचा असेल, तर त्यावर बदललेल्या फाइलची वेळ नेहमी सम सेकंदांचीच असते. एकदा तपासून बघा.

खरा गुंता लिनक्सचा. आणि लिनक्स म्हणजे कोणीतरी दुसरंच वापरतं असं समजू नका. बँकांचे सर्व्हर, वायफायचा राउटर, बऱ्याचशा सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि तुमचा ॲंड्रॉइड फोन, सगळं त्याच्यावर चालतं.

लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये प्रत्येक फाइलची माहिती एका छोट्या नोंदीत असते. जुनी नोंद १२८ बाइटची. त्यात तारखेला ३२ बिट, म्हणजे २०३८ ला खेळ संपला. नंतर नोंद २५६ बाइटची झाली. वाढलेल्या जागेत सेकंदाचे सूक्ष्म भाग लिहायचे होते आणि त्यासाठी ३० बिट पुरत होते. जागा होती ३२ ची. उरलेले दोन बिट वर्षं वाढवायला दिले. एवढ्या दोन बिटांनी मर्यादा गेली २४४६ सालापर्यंत. मोठ्या डिस्कवर ही नोंद खूप वर्षांपासून वापरात आहे, पण छोट्या डिस्क आणि विभाग फॉर्मॅट करताना १२८ चीच नोंद बरीच वर्षं आपोआप निवडली जात होती. आणि छोट्या डिस्क असतात कुठे? तर राउटर आणि डीव्हीआरसारख्या उपकरणांमध्येच.

रेड हॅटच्या सर्व्हरवर एक्सएफएस ही दुसरी पद्धत चालते. तिची कहाणी मला जास्त आवडली. तिच्याकडे सेकंदांसाठी ३२ आणि सेकंदाच्या सूक्ष्म भागांसाठी ३२ असे दोन डबे होते. २०२० मध्ये डॅरिक वाँग या प्रोग्रामरने दोन्ही डबे जोडून ६४ बिटांचा एकच डबा केला आणि त्यात १९०१ पासूनचे नॅनोसेकंद मोजायला सुरुवात केली. डिस्कवर एक बिटही जास्त लागला नाही आणि मर्यादा २०३८ वरून थेट २४८६ वर गेली. या सोयीचं नाव 'बिगटाइम'. रेड हॅटच्या नवव्या आवृत्तीपासून नवीन डिस्क फॉर्मॅट करताना ती आपोआप मिळते. आधीच्या डिस्कवर ती मुद्दाम, डिस्क बंद ठेवून, चालू करावी लागते.

मधल्या मजल्याचं काम

पण नुसती डिस्क सुधारून भागत नाही. डिस्क आणि प्रोग्राम यांच्या मध्ये असतो लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल. त्याच्यात तारीख हाताळणाऱ्या जागा ठिकठिकाणी विखुरलेल्या आणि फाइल सिस्टिम्स डझनांनी. एक जागा बदलली की दुसरी मोडते. जुन्या वाड्यातलं वायरिंग बदलण्यासारखंच, तेही घरातले दिवे चालू ठेवून.

हे काम अनेक वर्षं नेटाने पुढे नेलं आर्न्ड बर्गमन यांनी. फाइल्सच्या तारखांचा मोठा भाग केला दीपा दिनामणी यांनी. आउटरीची नावाच्या इंटर्नशिप कार्यक्रमातून त्या या कामात आल्या. २०१८ च्या ४.१८ या आवृत्तीत कर्नलच्या आतल्या फाइल-तारखा ६४ बिटांच्या झाल्या. २०१९ च्या ५.४ आवृत्तीत आणखी एक साधी पण फार उपयोगी गोष्ट आली: प्रत्येक फाइल सिस्टिमने आपली तारखेची मर्यादा कर्नलला आधीच सांगायची. मर्यादेपलीकडची तारीख आली, तर उडी मारून १९०१ मध्ये जायचं नाही, शेवटच्या तारखेवर थांबायचं.

याने प्रश्न सुटला का? अर्धाच. १९०१ दिसणार नाही, पण अशा डिस्कवर २०३८ नंतर बनलेल्या सगळ्या फाइल्सवर १९ जानेवारी, ८:४४:०७ हीच वेळ राहील. बॅकअपला कालची आणि आजची फाइल सारखीच दिसेल. म्हणून कर्नल आता अशी डिस्क जोडतानाच नोंदवहीत इशारा लिहितो, की ही फाइल सिस्टिम २०३८ पर्यंतच्याच तारखा सांभाळते. मर्यादा ३० वर्षांच्या आत येत असेल तर हा इशारा येतो. तुम्ही सर्व्हर सांभाळत असाल तर ही ओळ तुम्ही पाहिलीही असेल आणि 'अजून वेळ आहे' म्हणून पुढेही गेला असाल.

३२ बिटांच्या प्रोसेसरवर २०३८ पलीकडे जाऊ शकणारी लिनक्सची पहिली मुख्य आवृत्ती, ५.६, मार्च २०२० मध्ये आली. त्यावर चालणाऱ्या हजारो प्रोग्राम्सची पुनर्बांधणी हे पुढचं काम. डेबियन या लिनक्सने ते करून ऑगस्ट २०२५ मध्ये आपली तेरावी आवृत्ती आणली. त्यातही इंटेलच्या जुन्या ३२ बिटांच्या कॉम्प्युटरना जाणीवपूर्वक वगळलं, कारण त्यांच्यासाठीचे जुने प्रोग्राम चालणं बंद झालं असतं.

पण २०३८ ला अजून वेळ आहे ना?

तारीख २०३८ ची असली तरी चटके तेव्हाच बसतील असं नाही. मे २००६ मध्येच एओएलसर्व्हर हे वेबसाइट चालवणारं सॉफ्टवेअर ठिकठिकाणी अचानक कोसळायला लागलं. कारण? 'ही जोडणी कधीच तोडू नका' असं सांगण्यासाठी कोणीतरी मुदत ठेवली होती १०० कोटी सेकंद. १३ मे २००६ च्या सकाळी ७ च्या सुमारास, आपल्या वेळेनुसार, 'आता अधिक १०० कोटी सेकंद' ही बेरीज २०३८ ओलांडून गेली.

भविष्यातली तारीख लिहिणाऱ्या प्रत्येक ठिकाणी हेच लागू होतं. जानेवारी २०१८ नंतर घेतलेलं २० वर्षांचं गृहकर्ज २०३८ पलीकडे जातं. आज उघडलेलं १५ वर्षांचं पीपीएफ खातं त्याच्याही पुढे जातं. बँकांनी हे कधीच हाताळलं आहे, नाहीतर हप्त्यांची तक्तेच निघाली नसती. मला काळजी वाटते ती छोट्या सॉफ्टवेअरची. पतसंस्था, क्लासेस, दवाखाने, सोसायट्या यांच्यासाठी कोणीतरी दहा वर्षांपूर्वी बनवून दिलेलं आणि आता 'चालतंय ना' म्हणून कोणी हात न लावलेलं. मायएसक्यूएल या लोकप्रिय डेटाबेसमध्ये तारखेचे दोन प्रकार आहेत. 'डेटटाइम' ९९९९ सालापर्यंत चालतो, 'टाइमस्टॅम्प' १९ जानेवारी २०३८ ला थांबतो. तेव्हा कुठला निवडला, हे ज्याने बनवलं त्यालाच माहीत. तो आता कॅनडात असतो.

गाड्यांचंही बघा. भारतात खाजगी कारची नोंदणी १५ वर्षांसाठी होते. म्हणजे जानेवारी २०२३ च्या शेवटी किंवा त्यानंतर नोंदवलेली कार कागदोपत्री २०३८ ची ती सकाळ रस्त्यावरच बघणार आहे. आणि गाड्यांमध्ये असले घोळ होतात, हे आधीच दिसलंय. जीपीएसचा आठवड्यांचा मोजमापक १० बिटांचा आहे, म्हणून तो दर १,०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. जानेवारी २०२२ मध्ये होंडाच्या काही जुन्या गाड्यांची घड्याळं २००२ सालात गेली, ती याच जातीच्या चुकीने. नुकसान काही नाही, फक्त डॅशबोर्डवरची वेळ चुकली. अर्थात चाकणच्या कारखान्यात आज बसणारं एखादं उपकरण २०३८ मध्ये अपडेट करायला त्याची कंपनी शिल्लक असेल का, हा वेगळा प्रश्न.

वायटूकेशी तुलना होणारच. तेव्हा वर्षाचे दोनच आकडे लिहायची सवय नडली होती. तो घोळ कोडमध्ये डोळ्यांना दिसायचा आणि तो निस्तरायच्या कामाने भारतीय आयटीला मोठा हातभार लागला. २००० साल उजाडलं तेव्हा फारसं काही बिघडलं नाही, म्हणून 'उगाच बाऊ केला' असं लोक म्हणाले. बिघडलं नाही, कारण आधी दुरुस्त केलं होतं. २०३८ चा घोळ बिटांमध्ये लपलेला आहे आणि ज्या उपकरणांत तो आहे त्यांना बरेचदा पडदासुद्धा नसतो.

तुम्ही काय करायचं?

फोन आणि लॅपटॉप नवे असतील तर काहीच नाही. एक मात्र नका करू: 'बघू तरी काय होतं' म्हणून फोनची तारीख २०३८ वर नेऊ नका. २०१६ मध्ये काही आयफोन तारीख १९७० वर नेल्यामुळे बंद पडले होते आणि ॲपलला त्यासाठी दुरुस्ती आणावी लागली. प्रयोग करायचाच असेल तर ज्यात काही महत्त्वाचं नाही अशा आभासी मशीनवर करा.

सोसायटीच्या कमिटीत असाल तर सीसीटीव्हीचा डीव्हीआर, हजेरीचं बोटांच्या ठशांचं यंत्र, गेटची यंत्रणा नवीन घेताना विक्रेत्याला लेखी विचारा, की हे २०३८ नंतर चालेल का. ऑफिसचा सर्व्हर सांभाळत असाल तर जुन्या एक्सएफएस आणि १२८ बाइटच्या ईएक्सटी४ डिस्क कुठे आहेत याची यादी आत्ताच करा. ईएक्सटी४ साठी सहसा माल दुसरीकडे हलवून डिस्क नव्याने फॉर्मॅट करणं हाच खात्रीचा मार्ग असतो. बाराशे जीबी असेल तर एक रविवार जाईल. बाराशे टीबी असेल तर वर्षभराचं नियोजन लागेल.

आमच्या फोटोंचं काय झालं? फाइलवरची तारीख गेली ती गेलीच. पण कॅमेरा फोटो काढताना फोटोच्या आत आणखी एक तारीख लिहितो आणि ती सेकंदांचा आकडा म्हणून नव्हे, तर वर्ष, महिना, दिवस अशा सरळ अक्षरांत लिहितो. ती डिस्कवरच्या चौकटीत नसते, फोटोबरोबरच जाते. एक मोफत सॉफ्टवेअर घेऊन मी ती वाचली आणि फाइल्सना परत लावली. अर्ध्या तासात आजीचे फोटो १९७० मधून निघून २०११ मध्ये आले. ज्या फोटोंत ही आतली तारीख नव्हती, म्हणजे व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंत, ते अजून तिथेच आहेत, पहाटे साडेपाचला.